गेटवरचा पांढरा कागद: आयर्लंडच्या ग्रामीण काउंटीत घर, धंदा आणि काउन्सिलची परवानगी

आयर्लंडमधल्या लीट्रिम काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आडरस्त्याने जाताना एखाद्या शेताच्या गेटवर प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला पांढरा कागद दिसला की मी गाडी बाजूला घेतो. ए-फोर आकाराचा, केबल-टायने आवळलेला, कडेने ओल धरलेला. बायको म्हणते, लग्नपत्रिका तरी इतक्या लक्षपूर्वक वाचत जा. तो कागद म्हणजे साइट नोटीस. या जागी कोण काय बांधणार आहे आणि अर्ज कुठे बघायला मिळेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. पोस्टमनपासून समोरच्या शेतकऱ्यापर्यंत कुणीही तो वाचावा, हाच त्याचा उद्देश.

डब्लिनच्या घरभाड्याला कंटाळून बरीच मराठी कुटुंबं आता पश्चिमेकडच्या काउंट्यांकडे वळताहेत. एकाची नोकरी घरून, दुसऱ्याची इस्पितळात. जुनं घर स्वस्तात मिळतं, म्हणून आम्हीही आलो. दक्षिण लीट्रिममधल्या एका छोट्या गावात मुख्य रस्त्यावरची दुमजली इमारत घेतली: खाली बंद पडलेलं कापडाचं दुकान, वर राहायची जागा. बेत असा की वर राहायचं आणि खाली मसाले, चटण्या, भाजणी करायची. तो बेत कागदावरून चुलीपर्यंत नेताना जे शिकलो, ते इथे क्रमाने देतो. उदाहरणं लीट्रिमची असली तरी मेयो, रॉसकॉमन, लाँगफर्ड इथेही चौकट हीच आहे.

आधी काउंटी समजून घ्या

१८४१ च्या जनगणनेत लीट्रिमची लोकसंख्या १,५५,२९७ होती. दुष्काळ आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं स्थलांतर यांमुळे १९९६ पर्यंत ती २५,०५७ वर आली. २०२२ मध्ये ३५,१९९. देशातली सर्वांत कमी लोकसंख्येची काउंटी. या आकड्यांशिवाय इथलं नियोजन कळत नाही. काउन्सिलला, म्हणजे काउंटीच्या स्थानिक प्रशासनाला, माणसं हवी आहेत, पण कुठेही आणि कशीही नकोत.

त्यालाही कारण आहे. १९९८ मध्ये सरकारने अप्पर शॅनन भागात घरं बांधणाऱ्यांना करसवलत दिली. लीट्रिम, लाँगफर्ड आणि शेजारच्या काउंट्यांचे काही भाग त्यात होते. घरं उगवली, राहायला माणसं आली नाहीत. २००८ नंतर बाजार कोसळला आणि अर्धवट वसाहती तशाच उभ्या राहिल्या. २०१० च्या सरकारी पाहणीत देशभरात अशा २,८४६ वसाहती मोजल्या गेल्या, आणि लोकसंख्येच्या मानाने लीट्रिमचा वाटा मोठा होता. आज इथला प्लॅनर, म्हणजे काउन्सिलचा नियोजन अधिकारी, नव्या घराच्या अर्जाकडे साशंक नजरेने बघतो आणि गावातल्या रिकाम्या घराचं नाव काढलं की खुलतो, त्याचं मूळ इथे आहे. तुमचा बेत दुसऱ्या प्रकारात बसवता आला तर अर्धी लढाई जिंकलीत.

वशिला कुणाकडे लावायचा? कुणाकडेच नाही

आपल्याकडचा पहिला प्रश्न: "कुणी ओळखीचं आहे का?" मीही तेच केलं. आमच्या भागातल्या काउन्सिलरला भेटायला गेलो. त्याने चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि म्हणाला, "मी तुमचं म्हणणं लिहून देऊ शकतो, पण निर्णय माझा नाही."

तो टाळत नव्हता, कायदाच तसा आहे. आयर्लंडमध्ये ३१ स्थानिक प्रशासनं आणि ९४९ काउन्सिलर आहेत. लीट्रिमचे १८: बॅलिनमोर, कॅरिक-ऑन-शॅनन आणि मॅनोरहॅमिल्टन या तीन विभागांतून प्रत्येकी ६. विकास आराखडा मंजूर करणं, अंदाजपत्रक, स्थानिक मालमत्ता कर थोडा वरखाली करणं ही कामं निवडून आलेल्या सदस्यांची. एखाद्या अर्जाला परवानगी द्यायची की नाही, हे मात्र चीफ एक्झिक्युटिव्हच्या अखत्यारीतले अधिकारी ठरवतात. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि सीईओ डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की इथला सीईओ बराच जास्त बलवान आहे. पूर्वी सदस्यांना ठराव करून एखादी परवानगी द्यायला भाग पाडता येत असे. ती वाट २०१४ मध्ये बंद झाली.

नियम इतके करकरीत होण्यामागे डब्लिनच्या जमिनींचा इतिहास आहे. जमिनीचा वापर बदलून घेण्यासाठी राजकारण्यांना पैसे चारले गेल्याची चौकशी १९९७ पासून चालली आणि मेहन न्यायाधिकरणाचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला. आज काउन्सिलरने तुमच्यासाठी लिहिलेलं पत्रही फाइलला लागतं आणि ती फाइल कुणीही उघडून बघू शकतो.

मग काउन्सिलरचा उपयोग काय? भरपूर. आराखडा बदलत असतो तेव्हा तुमच्या गावाची बाजू तोच मांडतो. रस्त्यावरचा दिवा, फुटपाथ, गावासाठीचा निधी यांत त्याचा शब्द चालतो. फाइल कुठे अडली हे तो विचारू शकतो. आणि त्याला निवडणारे तुम्हीही आहात, हे विसरू नका. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. वय १८ पूर्ण आणि इथे वास्तव्य एवढं पुरे. वर्क परमिटवर आलेली नर्सही मत देते. मतदार यादीत नाव मात्र स्वतःहून घालावं लागतं. मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात, त्यामुळे तुमचा तिसरा क्रमांकही कुणाला तरी निवडून आणू शकतो. मालवणजवळच्या वराड गावाशी नातं सांगणारे लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, पण त्यांची सुरुवात फिंगल काउंटी काउन्सिलमधूनच झाली होती.

पहिली पायरी: आराखडा वाचा, मग घर बघा

बहुतेक जण हे उलट करतात. घर आवडतं, बोली लावतात, सह्या होतात आणि नंतर कळतं की तळमजला पुराच्या पट्ट्यात आहे.

प्रत्येक काउंटीचा विकास आराखडा असतो. लीट्रिमचा सध्याचा २०२३–२०२९ चा आहे. तो काउन्सिलच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. सगळा वाचायची गरज नाही, तीन गोष्टी शोधा. एक, तुमच्या गावाचा रंगीत नकाशा: तुमची जागा गावाच्या मध्यवर्ती पट्ट्यात आहे, निवासी आहे की हद्दीबाहेर. दोन, गावाबाहेर नवं घर बांधण्याचे नियम. तीन, पुराचा नकाशा. शॅनन नदी २००९ च्या नोव्हेंबरात आणि २०१५ च्या डिसेंबरात काठ सोडून वर आली होती. सरकारच्या फ्लडइन्फो या संकेतस्थळावर आपला रस्ता शोधायला दोन मिनिटं लागतात. तिथे निळा रंग दिसला तर विमा कंपनीलाही तो दिसतोच.

आराखडा तयार होत असताना त्यावर लेखी म्हणणं मांडता येतं, आणि ते फुकट असतं. आधी काउंटीपुढच्या प्रश्नांवर सूचना मागवतात, मग मसुदा लोकांसमोर ठेवतात, मग दुरुस्त्या ठेवतात. त्या वेळी "आमच्या गावातल्या बंद दुकानांमध्ये लहान अन्नउद्योगांना वाव द्या" असं एक पान लिहिलं असतं तर पुढे माझा बराच घाम वाचला असता. आतापर्यंत आराखड्याची मुदत ६ वर्षांची होती. २०२४ च्या नव्या नियोजन कायद्याने ती १० वर्षांवर नेली आहे. म्हणजे संधी हुकली की मूल पहिलीतून अकरावीत जाईपर्यंत थांबायचं. तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्यामुळे अर्ज करायच्या दिवशी काउन्सिलच्या संकेतस्थळावर असलेलाच फॉर्म आणि शुल्कपत्रक वापरा. मित्राने गेल्या वर्षी भरलेला फॉर्म वापरू नका.

दुसरी पायरी: मोकळी जमीन की जुनं घर

अर्धा एकर हिरवीगार जमीन, मागे तळं, किंमत डब्लिनच्या पार्किंगइतकी. मोह होतो. पण दोन प्रश्न आधी विचारा.

पहिला: तुम्हाला इथे घर बांधायची परवानगी मिळण्याजोगी "स्थानिक गरज" आहे का? शहरांचा ताण असलेल्या ग्रामीण भागात काउन्सिल विचारते की तुमचा या परिसराशी सामाजिक किंवा आर्थिक संबंध काय. तिथे वाढलात? शेती करता? जवळच्या शाळेत शिकवता? दुर्गम, माणसं घटत चाललेल्या भागात नियम सैल असतो. परवानगी मिळालीच तर काही वर्षं स्वतः त्या घरात राहण्याची अट बहुधा येते.

दुसरा प्रश्न जमिनीलाच विचारायचा. गावाबाहेर मलवाहिनी नसते, प्रत्येक घराचा सांडपाण्याचा निचरा त्याच्याच आवारात. म्हणून पर्कोलेशन टेस्ट, म्हणजे जमीन पाणी किती जिरवते याची चाचणी. ओळखीतल्या एका जोडप्याच्या जमिनीवर ती करताना मी हजर होतो. आदल्या दिवशी ३० सेंटिमीटर लांब-रुंद, ४० सेंटिमीटर खोल खड्डे खणून पाण्याने भरून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतायचं आणि घड्याळ लावून मोजायचं: पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात? तपासनीस खड्ड्याशी उकिडवा बसला, आम्ही भोवती उभे. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी बघताबघता गायब होतं. इथे चहा झाला, सँडविच झालं, पाणी होतं तिथेच. शेजारचा शेतकरी कुंपणावर हात टेकून म्हणाला, "आमचे आजोबा म्हणायचे, लीट्रिममध्ये जमीन एकराने नाही, गॅलनने विकतात."

इथली बरीच जमीन अशीच चिकणमातीची आहे. लहान लहान टेकड्या आणि मधल्या खोलगट भागात पाणी धरून बसलेली. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२१ च्या नियमावलीत अवघड मातीसाठी काही खर्चिक उपाय आहेत, पण चाचणीत जमीन फारच वाईट निघाली तर अर्ज तिथेच संपतो. म्हणून खरेदीखतावर "नियोजन परवानगी मिळाल्यास" ही अट सॉलिसिटरकडून घालून घ्या. विक्रेत्याला ती आवडत नाही. तरी घालाच.

जुन्या घराचं गणित वेगळं आहे. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रिकामं असलेलं, २००७ पर्यंत बांधलेलं घर राहतं केलं तर काउन्सिलमार्फत अनुदान मिळतं: रिकाम्या घराला ५०,००० युरोपर्यंत, मोडकळीला आलेल्या घराला ७०,००० पर्यंत. ही योजना २०२२ ची, रक्कम २०२३ मध्ये वाढली. अटी नीट वाचा:

- मंजुरीच्या आधी काम सुरू करायचं नाही. ओळखीतल्या एकाने उतावळेपणाने छप्पर उतरवलं आणि मग अर्ज केला. गुडघ्याला बाशिंग. छपराचा खर्च खिशातून गेला.
- घर रिकामं होतं याचा पुरावा हवा. विजेची बिलं सगळ्यांत उपयोगी. घर घेण्याआधीच विक्रेत्याकडून मागून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.
- मोडकळीचे वाढीव पैसे हवे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल लागतो, किंवा ती इमारत काउन्सिलच्या मोडक्या जागांच्या नोंदवहीत असावी लागते.
- पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळतात. तोवर गवंडी, सुतार, प्लंबर यांना पैसे देणारे तुम्हीच. यावर फार थोडे जण आधी विचार करतात आणि बहुतेक जण इथेच अडकतात. आधी बँक किंवा क्रेडिट युनियनशी बोला.
- ५ वर्षांच्या आत घर विकलं तर सगळी रक्कम परत, ५ ते १० वर्षांत विकलं तर ७५ टक्के. तसा बोजा घरावर नोंदवला जातो.

तिसरी पायरी: परवानगी लागते का, हेच आधी विचारा

प्रत्येक बदलाला परवानगी लागत नाही. दुकानाच्या जागी दुसरं दुकान काढलं तर सहसा लागत नाही. पण दुकानाचं टेक-अवे केलं तर लागते. बाहेर नेण्यासाठी गरम जेवण विकणं कायद्याच्या लेखी "दुकान" नाही. दुकानात मसाले दळून, बाटल्या भरून घाऊक पाठवायचे तर तेही दुकान राहत नाही, तो हलका उद्योग होतो. माझ्या बेताचं नेमकं हेच झालं.

शंका असेल तर काउन्सिलकडून लेखी निर्णय मागता येतो. लोक त्याला अजूनही "सेक्शन फाइव्ह" म्हणतात, जुन्या कायद्यातल्या कलमावरून. शुल्क ८० युरो. "आमच्या शेजाऱ्याने केलं, त्याला कुणी विचारलं नाही" यावर विसंबू नका. पुढे घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर नेमका तोच कागद मागतो.

चौथी पायरी: प्लॅनरची भेट

अर्जाआधी प्लॅनरशी बोलायची सोय कायद्यातच आहे. लीट्रिमसारख्या लहान काउंटीत ती खरोखर मिळते, डब्लिनच्या तुलनेत हा मोठा फायदा आहे. जाताना तोंडी बेत नेऊ नका. नकाशा, चार फोटो, एका पानात काय करायचं ते लिहून न्या. आणि "परवानगी द्याल का?" असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. "तुम्हाला यात काय खटकतं?" असं विचारा. मला उत्तर मिळालं: वास, आवाज आणि माल न्यायला येणारी व्हॅन. त्या तीन गोष्टींवर मी अर्जात तीन परिच्छेद लिहिले. धूर बाहेर टाकणारा पाइप मागच्या भिंतीवर, दळण सकाळी ९ नंतर, व्हॅन आठवड्यातून दोनदा. मिरची भाजल्यावर गल्लीत काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मीच प्रामाणिकपणे सांगितलं. भेटीची नोंद फाइलला लागते, त्यामुळे तिथे एक आणि अर्जात दुसरं असं चालत नाही.

पाचवी पायरी: अर्ज, आणि माझी फजिती

अर्जाचे तीन पाय: वर्तमानपत्रातली सूचना, जागेवरची नोटीस आणि नकाशांसह फॉर्म. तिन्हींतला मजकूर एकमेकांशी जुळला पाहिजे.

वर्तमानपत्र काउन्सिलच्या मान्य यादीतलं असावं. सूचना छापून आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा, आणि नोटीसही त्याच दोन आठवड्यांत लावलेली हवी. माझं इथेच घसरलं. स्थानिक साप्ताहिकात सूचना आली, नकाशे काढणाऱ्याला फ्लू झाला आणि अर्ज पंधराव्या दिवशी गेला. चार दिवसांनी सगळा गठ्ठा परत: अवैध. नकार नव्हे, अवैध. म्हणजे अर्ज कधी आलाच नाही असं धरायचं. शुल्क परत मिळालं, जाहिरातीचे पैसे गेले. तेव्हापासून माझा सल्ला असा: नकाशे हातात आल्याशिवाय जाहिरात देऊ नका.

नोटीस सार्वजनिक रस्त्यावरून वाचता येईल अशी लावायची आणि अर्ज पोचल्यापासून ५ आठवडे जागेवर ठेवायची. लीट्रिमचा पाऊस आडवा येतो. पाकिटाचं तोंड खाली ठेवून बांधा, नाहीतर आत पाणी साचतं आणि शाई उतरते. काउन्सिलचा माणूस बघायला येतो, त्या दिवशी कागद वाचता आला पाहिजे. त्याच जागेसाठी सहा महिन्यांत दुसरा अर्ज केला तर नोटीस पिवळ्या कागदावर लागते. माझा पहिला अर्ज अवैध असल्याने मोजला गेला नाही, म्हणून दुसरी नोटीसही पांढरीच. समोरच्या पबमध्ये यावर पैज लागली होती असं नंतर कळलं.

नकाशावर तुमची जागा लाल रेघेने, शेजारची तुमचीच आणखी जमीन असेल तर ती निळ्याने, वहिवाटीचे हक्क पिवळ्याने. उत्तर दिशा दाखवायला विसरू नका. तेवढ्यावरूनही अर्ज परत येतो. गावाबाहेरच्या जागेचा नकाशा १:२५०० ला चालतो, वस्तीत १:१००० लागतो. कागदी अर्जाचे सहा संच. पत्त्यात टाउनलँडचं नाव हवंच. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा जुना तुकडा. देशात साठ हजारांवर आहेत आणि एकाच नावाचे दोन-तीन जवळजवळ असतात. २०१५ मध्ये प्रत्येक घराला आयरकोड, म्हणजे स्वतःचा पिनकोड, मिळाला, पण जमिनीच्या कागदांत टाउनलँडच चालतो.

घराच्या अर्जाचं शुल्क ६५ युरो. व्यावसायिक इमारतीला चौरस मीटरमागे ३.६० युरो, किमान ८०. खरा खर्च शुल्काचा नाही. नकाशे काढणाऱ्याचा आणि परवानगीनंतर काउन्सिल घेते त्या विकास-वर्गणीचा आहे. रिकामी इमारत वापरात आणणाऱ्याला वर्गणीत सूट आहे का, हे काउन्सिलच्या योजनेत आधीच बघून ठेवा.

सहावी पायरी: आठ आठवडे

पहिल्या ५ आठवड्यांत कुणीही २० युरो भरून लेखी म्हणणं देऊ शकतं. विरोधच असतो असं नाही. आमच्या शेजारणीने पाठिंब्याचं पत्र दिलं. नोटीस लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन बेत सांगितला होता. भाजणीच्या थालीपिठाची एक ताटलीही बरोबर होती. ही लाच नव्हे, ओळख करून घेणं आहे, आणि इथे तेवढं चालतं.

आठव्या आठवड्यापर्यंत काउन्सिल होकार देते, नकार देते किंवा आणखी माहिती मागते. माहिती मागितली तर घाबरू नका, तो बहुधा चांगला संकेत असतो. उत्तराला ६ महिने असतात. त्यात उत्तर दिलं नाही तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. नाताळात २४ डिसेंबर ते १ जानेवारी हे ९ दिवस मुदतीत मोजत नाहीत. नोव्हेंबरात अर्ज केलात तर हिशोब त्याप्रमाणे करा.

होकाराचं पत्र आलं की लोक पेढे वाटतात आणि मिस्त्रीला फोन करतात. थांबा. ते "परवानगी देण्याचा निर्णय" असल्याचं पत्र आहे, परवानगी नव्हे. त्या तारखेपासून ४ आठवडे अपिलाची मुदत असते आणि ५ आठवड्यांत २० युरो भरून म्हणणं दिलेला शेजारी अपील करू शकतो. अपील पूर्वी बोर्ड प्लानॉला या राष्ट्रीय नियोजन मंडळाकडे जायचं. जून २०२५ पासून त्याची जागा कोमिशून प्लानॉला या आयोगाने घेतली आहे. अपील करायची वेळ तुमच्यावर आली तर सगळी कारणं, शुल्क आणि जोडपत्रं पहिल्याच टपालात पाठवा. मागाहून भर घालता येत नाही, आणि एक दिवस उशीर म्हणजे गेलंच. चार आठवडे शांततेत गेले की अंतिम परवानगी हाती येते, साधारणपणे ५ वर्षांसाठी. आगीच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र आणि अपंगांसाठीच्या सोयींचं प्रमाणपत्र वेगळं लागेल का, ते इमारत नियंत्रण विभागाला विचारा; नियोजनाच्या परवानगीत ती धरलेली नसतात.

सातवी पायरी: धंद्याला पैसे कुठून

काउन्सिलमध्येच लोकल एंटरप्राइझ ऑफिस असतं. सगळे त्याला "लिओ" म्हणतात. मराठी माणसाला वराडकर आठवतात. २०१४ पासून प्रत्येक काउन्सिलमध्ये ही सोय आहे. पहिल्यांदा जाल तेव्हा अनुदान मागू नका. "स्टार्ट युअर ओन बिझनेस" हा अभ्यासक्रम करा, मेंटॉर मागा. तो मेंटॉर आणि त्याने तपासलेला हिशोब पुढे अर्जात दिसतो.

त्याही आधी व्हिसाचा शिक्का बघा. वर्क परमिटच्या स्टॅम्प १ वर किंवा जोडीदाराच्या स्टॅम्प १-जी वर स्वतःचा धंदा करता येत नाही; स्टॅम्प ४ लागतो. आमच्या घरी तो बायकोला आधी मिळाला, म्हणून धंदा तिच्या नावावर आहे आणि मी बाटल्यांवर लेबलं चिकटवतो.

आता कळीचा मुद्दा. गावात मिसळ-वडापावचं हॉटेल काढायचं ठरवलंत तर गुंतवणुकीसाठी अनुदान मिळणं जवळपास अशक्य. लिओ विचारतं: तुमच्यामुळे नवं गिऱ्हाईक काउंटीत येणार की शेजारच्या चिपरचं, म्हणजे फिश-अँड-चिप्सच्या दुकानाचं, गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार? दुसरं असेल तर सरकारी पैशाने एकाचं पोट भरून दुसऱ्याचं मारल्यासारखं होतं, म्हणून नाही. पण तीच मिसळ मसाल्याच्या पाकिटात घालून गॉलवेला, लंडनला पाठवणार असाल तर तुम्ही उत्पादक झालात. ड्रमशॅनबोच्या डिस्टिलरीकडे बघा: तिथली जिन जगभर जाते आणि पैसा लीट्रिममध्ये येतो. दहापर्यंत माणसांच्या अशा उद्योगाला सुरुवातीच्या काळात प्रायमिंग ग्रँट मिळू शकते, मान्य खर्चाच्या निम्म्यापर्यंत, साधारण ८०,००० युरोच्या मर्यादेत. बाजाराची चाचणी, नमुने, पाहणी यांसाठी फीझिबिलिटी ग्रँट १५,००० पर्यंत. दोन्हींत उरलेला वाटा तुमचा, आणि तो बँक खात्यात दिसला पाहिजे.

दुसरं दार लीडर या युरोपीय ग्रामीण कार्यक्रमाचं. २०२३–२०२७ साठी आयर्लंडला १८ कोटी युरो आहेत. अर्ज थेट करता येत नाही, आधी इरादापत्र द्यायचं. स्थानिक कृती गट ते पसंत करतो, मग मोठा अर्ज. यंत्राची दरपत्रकं नियमाप्रमाणे मागवा. मित्राकडून आणलेलं एकच कोटेशन चालत नाही. लीडरला वेळ लागतो. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर समोर ठेवून त्यावर अवलंबून राहू नका.

खाद्यपदार्थ करणार असाल, अगदी घरच्या स्वयंपाकघरातही, तर आरोग्य खात्याकडे नोंदणी लागते. तिथली एन्व्हायरन्मेंटल हेल्थ ऑफिसर येऊन बघते. आमच्याकडे आली, हात धुवायचं वेगळं बेसिन कुठे आहे हे विचारलं आणि मग अर्धा तास गोडा मसाल्यातलं दगडफूल काय असतं हे समजून घेत बसली. दगडफूल म्हणजे लायकेन. इथल्या दगडी कुंपणांवर त्याचे भाईबंद फुकट वाढतात, तरी आम्ही ते आयात करतो, यावर ती बराच वेळ हसली. पुरवठादाराची पावती मात्र तिने मागितलीच.

शेवटी रेट्स, आणि गावाची खुर्ची

धंदा सुरू झाला की कमर्शिअल रेट्सचं बिल येतं: जागेचं ठरवलेलं मूल्य गुणिले काउन्सिल दरवर्षी ठरवते तो दर. मूल्य टाल्टे एरन ही राष्ट्रीय संस्था ठरवते, काउन्सिल नव्हे. चुकीचं वाटलं तर हरकत तिकडे. दर मात्र काउन्सिलर अंदाजपत्रकाच्या सभेत मंजूर करतात. काउन्सिलरला फोन करायचाच असेल तर त्या सभेच्या आधी करा, नंतर उपयोग नाही.

आणि पब्लिक पार्टिसिपेशन नेटवर्क, म्हणजे पीपीएन. काउंटीतली मंडळं, संघ, गट इथे फुकट नोंदणी करतात आणि त्यांच्यातून निवडलेले प्रतिनिधी काउन्सिलच्या धोरण समित्यांवर बसतात. व्यक्ती म्हणून नोंदणी होत नाही, गट लागतो. लीट्रिममध्ये मराठी मंडळ काढण्याइतकी घरं नाहीत, म्हणून मी गाव नीटनेटकं ठेवणाऱ्या टायडी टाउन्स समितीत गेलो. शनिवारी सकाळी फुलांच्या कुंड्या रंगवायच्या आणि पीपीएनच्या सभेला जायचं. गेल्या सभेत मुख्य रस्त्यावरच्या रिकाम्या दुकानांवर चर्चा निघाली. समोर बसलेल्या आजीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "यांना विचारा. यांची नोटीस दोनदा लागली होती."